लगीन नसताना रंगवलेली भिंत

घरात काही सापडेनासं झालं की आधी मला हाक पडायची. विळा असो, चिमणीची काच असो नाहीतर बाबांच्या चष्म्याचं घर असो, ते शेवटचं कुणाच्या हातात होतं हे विचारायची कुणाला गरजच वाटत नसे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते माझ्याच हातात असायचं. पाण्याला निघालेली मी हंडा विहिरीच्या काठावर ठेवून करवंदाच्या जाळीत शिरायची आणि घरी यायची ती ओटीत करवंदं घेऊन, हंड्याशिवाय. आंबील ढवळायला चुलीपुढं बसवलं तर बाहेर कोंबड्या का ओरडल्या ते बघायला उठायची, आणि घरभर करपल्याचा वास सुटायचा. आई म्हणायची, "हिच्या डोक्यात पाखरू हाये, एका फांदीवर बसत नाय." हे ती कौतुकानं म्हणत नसे, हे वेगळं सांगायला नको. माझं नाव मथुरा, पण घरात आणि पाड्यावर मी 'वेंधळी' याच नावानं ओळखली जायची, आणि ओळखीचे लोक तेवढ्याच सहजतेनं मला त्या नावानं जेवायलाही बोलवायचे.

आमचा पाडा खोडाळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बाबा दाभोशाकडच्या एका शाळेवर गुरुजी होते. आठवडाभर तिकडंच राहायचे आणि शनिवारी जीप, एसटी आणि मग पायी असं करत घरी यायचे. नागली आणि भात पिकवणाऱ्या आमच्या घराण्यात पगार घेणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळं आमच्या घरी दोन कायदे चालायचे. सोमवार ते शुक्रवार आईचा, आणि शनिवार-रविवार बाबांचा. आईच्या कायद्यात नागलीची भाकर, सुक्या बोंबलाचं कालवण, जात्याची घरघर आणि चुकलं की पाठीत धपाटा. बाबांच्या कायद्यात छडी होती. शनिवारी ते चपला काढायच्या आधीच विचारायचे, "आठवड्यात काय काय हरवलं?" आई भिडेनं निम्मंच सांगायची, उरलेलं मी स्वतःच सांगून टाकायची, कारण काय लपवायचं होतं तेसुद्धा माझ्या लक्षात राहत नसे.

सातवीत मी नापास झाले. गुरुजींची मुलगी नापास, म्हणजे दिव्याखालीच अंधार, असं लोक बाबांच्या तोंडावर हसत हसत बोलायचे आणि बाबाही हसायचे. घरी आल्यावर मात्र हसायचे नाहीत. आधी भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदळाचे दाणे मांडले, पुन्हा मोडले, पुन्हा मांडले, आणि पाणवठ्यावर मला काहीतरी लागलंय असं सांगून आमची तलंग घेऊन गेला. कोंबडी गेली, पाखरू तिथंच राहिलं. मग बाबांनी निकाल दिला. आणखी एक वर्ष. पास झाले तर आठवीला जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात घालायचं, नाही झाले तर शाळा बंद, घरी बसून बकऱ्या वळायच्या. जव्हारची शाळा मी एकदाच पाहिली होती, बाबांबरोबर, बाजाराच्या दिवशी. निळ्या स्कर्टातल्या मुली रांगेनं नळावर जात होत्या आणि मला वाटलं होतं, इथं आपल्यालाही रांगेत उभं करतील आणि मग आपण कुठं भरकटणार नाही. लोकांना शाळेत स्वातंत्र्य हवं असतं म्हणतात. मला रांग हवी होती.

त्या वर्षी आमच्या शाळेवर शैलाबाई आल्या. नाशिककडच्या, बिनलग्नाच्या, सडपातळ, आणि मोठ्यानं बोलणाऱ्या. ते दिवसही वेगळे होते. वावर-वांगणीकडं भुकेनं पोरं गेली होती, रस्त्यानं सारख्या गाड्या धावायच्या, साहेब लोक पोरांचे दंड मोजायचे. पोटाचीच पंचाईत होती तिथं पोरांच्या डोक्याकडं कोण बघणार? बाईंनी बघितलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, "मथुरा, तू वही घरी विसरतेस, की वही घ्यायची हेच विसरतेस?" असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी विचार करून सांगितलं की वही घ्यायला मी उठते, पण दारापर्यंत जाताना मध्ये काहीतरी दिसतं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ अगदी असाच होता. नाशिकच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या आईला शिकवलं होतं की अशा पोराला मारून काही होत नाही, त्याला मांडामांड शिकवावी लागते, हात धरून, रोज, जसं चालायला शिकवतात तसं. तो भाऊ आता कुठल्याशा कारखान्यात फिटर होता, हे सांगताना बाईंचा चेहरा फुलून आला.

मग शाळा सुटल्यावर बाई आमच्या घरी यायला लागल्या. आधी त्यांनी माझ्या वस्तूंना जागा दिल्या. दप्तराला एक खुंटी, तांब्याला एक कोनाडा, कंपास पेटीला दप्तरातलाच एक कप्पा. वस्तू हातातून सुटली की ती तिच्याच जागी गेली पाहिजे, आणि ठेवताना तोंडानं म्हणायचं, "पेटी ठेवली." नंतर कामांचा क्रम. आधी काय, मग काय, आणि सगळ्यात शेवटी मान वळवून मागं बघायचं आणि विचारायचं, "काय राहिलं?" हा क्रम डोळ्यांसमोर राहायला हवा होता. बाईंनी कागदावर लिहून दिला तर आईनं दुसऱ्या दिवशी त्यानं चूल पेटवली. खडूनं भिंतीवर काढला तर कुडाच्या भिंतीवरून तो पाठ घासली तरी पुसायचा. मग मीच म्हटलं, तांदळाचं पीठ कालवून काढू, ते टिकतं. बाईंना ते फार आवडलं. त्या बाहेरच्या, त्यांना काय माहीत.

आमच्यात भिंतीवर पिठाचा चौक लिहितात तो लग्नाला. सवाशिणी लिहितात, लगीन लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा त्या घरात लगीन उभं राहतं. आईनं पिठाची वाटी पाहिली आणि म्हणाली, "लगीन नसताना पिठाचा हात भिंतीला लावत नाय." बाईंनी खूप समजावलं. चौक काढायचा नाही, देव काढायचा नाही, नुसती हिच्या कामांची चित्रं. शेवटी आई तयार झाली, पण पुढच्या भिंतीवर नाही. मागच्या खोलीत, भाताच्या कणगीआड, जिथं घरच्यांशिवाय कुणी जात नाही तिथं. मग मी बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं आणि माझा दिवस काढला. उठलेली मुलगी, हंडा घेतलेली मुलगी, हंडा डोक्यावर घेऊन परतलेली मुलगी, दप्तराजवळची, भाकर बांधलेली, चिमणीपुढं बसलेली. आणि टोकाला एक, मान वळवून मागं बघणारी. तिची मान मला नीट जमली नाही, ती मोडल्यासारखी दिसायची, म्हणून ताई तिला मानमोडी म्हणायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कमळी. रोज पहाटे मी कणगीमागं जाऊन त्या मुलींवर बोट ठेवत मोठ्यानं बोलायची आणि ताई तिकडून चिडवायची, "झाली का गं तुझी पूजा?"

आता माझे केस पिकलेत आणि मला या सगळ्याची नावं माहीत झालीत. पण तेव्हा आतून ते कसं वाटत होतं ते मला नावांशिवायच सांगायचंय. आधी डोक्यात सगळं एकदम असायचं, बाजारात सगळे एकदम बोलतात तसं. कोंबडी, हंडा, ताईचं बोलणं, पायातला काटा, सगळ्यांचा आवाज सारखाच. बाईंच्या मांडामांडीनं हे काही एका रात्रीत थांबलं नाही. पावसाळाभर मी विसरतच होते, फक्त विसरल्याचं मला लवकर कळायला लागलं. भात कापून झाल्यावर कधीतरी एका सकाळी मी पाणी आणून हंडा खाली ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की आज मी भिंतीकडे बघितलंच नव्हतं. विहिरीच्या वाटेवर करवंदाची जाळी होती, रोजचीच, आणि मी तिच्याजवळून तशीच पुढं आले होते. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. आईनं विचारलं काय फुटलं म्हणून. सहामाहीत मी सगळ्या विषयांत पास झाले. गणितात काठावर, पण पास. बाबांनी प्रगतिपुस्तक दोनदा बघितलं आणि त्या शनिवारी काय हरवलं ते विचारलं नाही.

थंडी सरता सरता ताईला बघायला पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं. मुलगा जव्हारला एका कचेरीत शिपाई, कायमचा. आईनं आदल्या दिवशी अंगण सारवलं, खोडाळ्याहून बिस्किटं आणवली, बाबा रजा काढून आले. कोरा चहा झाला, बोलणं जमत आलं, आणि मुलाची फुई, म्हणजे आत्या, घर बघायला आत आली. आमच्याकडं बाया आत येतातच. चूल कशी आहे, कणगीत भात किती आहे, हे सगळं बघून मग मुलगी पसंत करायची. तिनं कणगीत हात घालून भात पाहिला, मग वाकून कणगीमागं पाहिलं, आणि तिथंच थांबली.

"या घरात लगीन कधी झाला?" तिनं विचारलं.

आईनं सांगितलं की नाय झाला. फुई म्हणाली, मग पिठाचा हात कसा? मोठीचा आधी कुठं जमून मोडला का? आईनं घाईघाईनं सांगितलं की मोठीचं काही नाही, ही धाकटीच्या शाळेची चित्रं आहेत, तिच्या ध्यानात राहत नाही म्हणून तिच्या बाईंनी काढून घेतली. फुईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ध्यानात राहत नाय म्हंजे?" ती म्हणाली. "डोक्याचा काय हाये का?" एक उत्तर दिलं तर ताई टाकलेली ठरत होती, दुसरं दिलं तर घरात वेड ठरत होतं. मी दाराशी बिस्किटांची ताटली घेऊन उभी होते. मला आठवतं, त्या क्षणी मी ताटली खाली ठेवली आणि सवयीनं ओठातल्या ओठात म्हटलं, "ताटली ठेवली." फुईनं ते ऐकलं. कळवतो, असं सांगून पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ती भिंत सारवली. शेण आणायला मलाच पाठवलं, आणि मी ते विसरले नाही, सरळ गेले आणि सरळ आले. बादली धरून मी उभी होते. आईचा हात उजवीकडून डावीकडं फिरत होता, त्यामुळं मागं बघणारी आधी गेली. ताई चुलीपुढं पाठ करून बसली होती. ती वळली नाही. मला तिचा तेव्हाही राग आला होता आणि अजूनही पुरता गेलेला नाही, जरी तिनं काय करायला हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही. दप्तराची खुंटीसुद्धा बाबांनी उपटली. बघणाऱ्याला विचारायला काही उरायलाच नको, असं त्यांचं म्हणणं.

बाई रविवारी आल्या. पिठाच्या हातावरून पाहुण्यांनी काय अर्थ लावला ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. मग त्यांनी बाबांची माफी मागितली आणि म्हणाल्या की भिंत नको, आपण गोधडीच्या तुकड्यावर टाके घालून चित्रं करू, ती घडी करून ठेवता येतील, पण हे आत्ता थांबवू नका. बाबा त्यांच्यापेक्षा नोकरीनं आणि वयानं मोठे. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, "बाई, तुम्ही वर्गात शिकवा. घर आमचं आम्ही बघू." बाई म्हणाल्या, "गुरुजी, अजून ते तिच्या अंगवळणी पडलेलं नाही. परीक्षेपर्यंत तरी."

"पडलं की," बाबा म्हणाले. "हंडा आणते, भाकर करपवत नाही, सहामाहीला पास झाली. बरं झालेल्या माणसाला कुणी औषध पाजत बसतं का?"

शाळेत बाईंच्या एका खोलीत तीन वर्ग. त्यात त्यांनी जमेल तेवढं केलं, लांबून माझ्याकडं बघून मान वळवून दाखवायच्या. मग त्यांना कुठल्याशा पाहणीच्या कामावर महिनाभर पाठवलं आणि तेही गेलं. चार गोष्टी माझ्या हातात राहिल्या, हंड्याची, चुलीची अशा. बाकीच्या अर्ध्या कच्च्या होत्या, त्या ओघळून गेल्या. आणि घरात पाहुण्यांचा निरोप येईपर्यंत जो ताण होता त्यात मी पुन्हा सगळं हरवायला लागले. आई म्हणायची, मुद्दाम करते. निरोप आला, होकार होता. तिकडं कुणीतरी शहाण्यानं समजूत घातली असावी, किंवा बाबांचा पगार दिसला असावा. पण भिंत सारवलेलीच राहिली. आता रंगवायची होती ती पुढची भिंत, ताईच्या चौकासाठी, रीतसर.

वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर मला सोपा गेला. खरंच सोपा गेला. मी सगळं सोडवलं, इतक्या लवकर की मला स्वतःचाच अभिमान वाटला. उरलेला वेळ मी वाशावर दोन पाली एकमेकींकडं कशा सरकतायत ते बघत काढला. निम्मा पेपर कागदाच्या मागच्या बाजूला होता. खाली 'कृपया मागे पाहा' असं छापलेलं होतं, ते मी वाचलंही होतं बहुतेक. बाहेर आल्यावर मुलींनी मागच्या बाजूचं एक गणित विचारलं तेव्हा मला कळलं. बाबांनी निकाल बघितला आणि मारलं नाही. एवढंच म्हणाले की एक बाई वर्षभर हिच्यामागं लागली होती, काय निघालं? मी आधीच सांगितलं होतं, असंही म्हणाले. त्यांनी आधी काय सांगितलं होतं ते मला कधीच कळलं नाही. वैशाखात ताईचं लगीन झालं. सवाशिणी चौक लिहीत होत्या, मी आत तांदूळ वाटत होते. पावसाळ्याच्या आधी बाईंची बदली झाली आणि मी बकऱ्यांमागं गेले. जव्हारच्या निळ्या स्कर्टाची शाळा मी पुढं पुष्कळदा पाहिली, एसटीच्या खिडकीतून, बाळंत ताईला डिंकाचे लाडू पोचवायला जाताना.

दहावी मी तिशीच्या सुमाराला बाहेरून दिली, तिसऱ्या खेपेला पास झाले, आणि अंगणवाडीवर लागले. ती वेगळी गोष्ट. मध्यंतरी आम्हा सेविकांचं एक प्रशिक्षण झालं. ठाण्याहून डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. कपाळामागच्या भागाचं काम म्हणे आधी काय आणि मग काय हे ठरवण्याचं, आणि ज्या मुलांचं चित्त ठरत नाही त्यांच्यात त्या भागाची इतर भागांशी जोडणी सैल असते. वस्तू मांडणं, वेळ आखणं, काम पायरीपायरीनं करणं हे अशा मुलांना नेटानं शिकवलं तर काहींच्या मेंदूत ती जोडणी बदलताना दिसते, नुसतं वागणं नाही, आतलं कामच बदलतं. अजून बरंच कळायचं आहे, असंही त्या म्हणाल्या. शेजारच्या सेविका वहीत उतरवून घेत होत्या. मला लिहिता येईना. माझ्या कपाळामागं काय चाललं होतं ते मला करवंदाची जाळी मागं टाकली त्या सकाळीच कळलं होतं, आणि आज कुणीतरी ते पडद्यावर रंगवून दाखवत होतं. मी हात वर करून विचारलं, "मॅडम, शिकवणं अर्ध्यावर सोडलं तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "नीट सांगता येणार नाही. अर्ध्यावर सुटलेली मुलं पुन्हा तपासायला येत नाहीत."

घरी आले तेव्हा आई ओट्यावर नागली पाखडत बसली होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पिशवी ठेवली, तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "भिंत का सारवलीस तेव्हा?" कुठली भिंत, असं तिनं विचारलं नाही. सूप हलत राहिलं.

"दोघींतली एक तरी मार्गी लावायची होती," ती म्हणाली. "जी उभी होती तिचा हात धरला."

"मी पण उभी राहत होते, आई."

तिनं सूप मांडीवर टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"राहत होतीस," ती म्हणाली. "दिसत होता मला." आणि पुन्हा पाखडायला लागली.